मूरु

पत्तारमामांनी मोजायला घेतलं, ओंदु, एरडु,
आणि एरडुलाच तार आरपार.
स्वरांजली लगेच रडली नाही.
ओठ आवळून, माझं बोट धरून
ती तिसऱ्याची वाट बघत होती.
दुसऱ्या कानाला तिला डाव कळला,
मग संकेश्वरच्या त्या अख्ख्या गल्लीला कळला.
"आतु, आतु," मामा म्हणाले,
तिच्या हातावर खडीसाखर ठेवली
आणि मला म्हणाले, मुट्टब्याड.
हात लावायचा नाही.
माझ्या हातांकडे बघूनच म्हणाले असावेत.

मी निपाणीत वखारीला, तोलाईवर.
बोद काट्यावर आला की आकडा ओरडायचा,
दिवसभर तेवढंच.
तंबाखू नखांत बसते, रेषांत बसते,
भाकरी मोडताना वास येतो तो आपलाच.
हे हात घेऊन
मोहरीएवढ्या भोकाजवळ जायचं कसं?

शैलजा धारवाडला, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.
तिथून रोज रात्री मोबाईलवर तिचा आवाज येतो:
पाणी उकळ. मीठ चिमूटभर. कोमट होऊ दे.
एका कानाचा कापूस दुसऱ्याला नको.
हळद नको, तेल नको, तार उगाच फिरवू नकोस.
आणि हात धू.
धुतलास? परत धू.

शेजारची गंगव्वा येते ती वाटी घेऊनच.
खोबरेल, हळद, वर कडुलिंबाची काडी.
"वीस पोरींचे कान वाळवलेत मी,
एकीचाबी पिकला नाही."
मी वाटी घेतो, खिडकीत ठेवतो,
तिला दिसेल अशी.
थंडीनं तेल थिजतं, पिवळं घट्ट होतं.
गंगव्वा बघते, काही बोलत नाही,
दुसरी वाटी आणते.

फ्रॉक डोक्यावरून काढायचा म्हणजे
आधी गळ्याची बटणं, मग एक बाजू, मग श्वास रोखून दुसरी.
फणीचे दात कानापासून लांब.
वेण्या वर बांधायला मी तिसऱ्या दिवशी शिकलो,
तिरक्या आल्या. ती तशीच शाळेत गेली.
"बाबा, ते मामा मूरु कधी म्हणणार?"
म्हणतील की, मी म्हटलं.
तिला हे उत्तर पटलं नाही.

नवव्या रात्री उजवा कान लाल, गरम.
झोपेत ती त्याच कुशीवर वळायची,
मी डोकं सरळ करायचो, ती परत वळायची.
हायवेवर उसाचे ट्रक घाटाकडे ओरडत जात होते.
पहाटे तारेभोवती काकवीसारखं काही सुकलेलं,
ते ओल्या कापसानं भिजवत बसलो,
ओढायचं नाही, भिजवायचं,
सुटेल तेव्हा सुटेल.
त्या दिवशी काट्यावर दोन म्हटलं
आणि तीनला अडलो.
हमाल बोद पाठीवर घेऊन उभा.
"काय ओ, झोपलासा काय?"

सहाव्या आठवड्यात एकदा कापूस फिरवून झाला
तरी ती चित्रच काढत होती.
दुखलं का गं?
"काय दुखलं?"

मग परत संकेश्वर, बारीक रिंगा घालायला.
मामांनी तार सोडवायला घेतली, सवयीनं मोजू लागले,
ओंदु, एरडु,
आणि ती केवढ्यानं ओरडली, मूरु!
मामांच्या हातातला चिमटा पडला.
ते हसले, पण कशाला ते त्यांना कळलं नव्हतं.

रात्री शैलजाला फोटो पाठवला, दोन्ही कानांचा.
तिनं मोठा करून पाहिला असणार,
बऱ्याच वेळानं आवाज आला.
"तुझा अंगठा दिसतोय कडेला. किती फुटलाय रे."

साबणानं फुटलाय.
खिडकीत गंगव्वाच्या चार वाट्या.
एक चुलीजवळ धरली, तेल सुटू लागलं,
आणि दोन्ही हातांना लावलं,
नखांपर्यंत, हळदीसकट.
उद्या वखारीत हसतील.